परत घेतलेली सायकल

बुलढाणा, ३ ऑक्टोबर २०२२

प्रिय संजीवनी,

तुला बाबाचा प्रभूमध्ये सलाम.

पत्र बघून हसू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस हे मला उशिराच कळलं. आधी वाटलं, मेळघाटात नेटवर्क नसेल. मग तुझ्या आईच्या फोनवरून लगेच लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. शेजाऱ्यांच्या फोनवरून लावून बघितला, तर माझं 'हॅलो' ऐकताच तू ठेवून दिलास. मी बाप आहे, राँग नंबर नाही.

मी असा काय गुन्हा केला ते एकदा समजावून सांग. तुमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन केला आणि नम्रपणे म्हणालो, आमच्या मुलीला रात्रपाळी देऊ नका, त्या रस्त्याला अस्वलं निघतात. यात काय चुकलं? तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीला विचारलं, ही वेळेवर जेवते का. अकोट-धारणी गाडीच्या कंडक्टरला सांगून ठेवलं, तुझ्या आरोग्य केंद्रापुढून गाडी जाते तेव्हा एक नजर टाकत जा. त्याने आत येऊन सगळ्या पेशंटांपुढे 'कंट्रोलर साहेबांनी विचारलं आहे, मॅडम जेवल्या का' असं ओरडावं, हे मी सांगितलं नव्हतं. तो त्याचा आगाऊपणा. शिक्षा मात्र मला.

मी जन्मभर बसस्टँडवर कंट्रोलर होतो. कुठली गाडी सुटली, कुठे पोचली, कुठल्या घाटात बंद पडली, सगळं मला ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तर जेवण जात नसे. रिटायर झाल्यावर माझ्याकडे तू एकच गाडी उरलीस, आणि तूही खबर द्यायची बंद केलीस. माणसाने करायचं तरी काय?

काल रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, चिंता देवावर टाका आणि हात मोकळे ठेवा. त्यांना म्हणायला काय जातं. त्यांची पोरं अजून अंगणात क्रिकेट खेळतात. मी टाकत नाही असं नाही, रोज सकाळी प्रार्थनेत टाकतो. चहा होईपर्यंत ती पुन्हा माझ्या मांडीवर येऊन बसलेली असते.

तुझी आई तुझ्याशी बोलायला गच्चीवर जाते. खाली येऊन फक्त 'बरी हाय' म्हणते आणि भाकरी थापायला बसते. रेशनच्या दुकानातही याहून जास्त मिळतं. जेवलीस का, एवढं तरी लिही.

तुझा बाबा

बुलढाणा, १७ ऑक्टोबर

प्रिय संजीवनी,

सलाम. उत्तर आलं नाही. पोस्टमनला मी रोज फाटकात गाठतो, आता तो मला बघून सायकल पलीकडच्या गल्लीत वळवतो.

डोणगावचे शालिग्रामभाऊ आले होते. आपल्या डेपोतले जुने ड्रायव्हर, तुला लहानपणी स्टेअरिंगवर बसवायचे तेच. आता ते लोकांची कामं करून देतात. म्हणजे चहा पीत फिरतात आणि कुठल्या कचेरीत कोण बसतो ते सांगतात. त्यांनी बातमी आणली की देऊळघाटला नर्सची जागा रिकामी आहे. देऊळघाट म्हणजे आपल्या घरापासून हे इथेच. सकाळी डबा घेऊन जायचं, संध्याकाळी घरी. मी विचारलं, बदली कशी होते? ते म्हणाले, पोरीने स्वतः अर्ज द्यायचा, कारण तेवढं सबळ पाहिजे, आईबाप आजारी असले की काम लवकर होतं. मग माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "तुमची तब्येत कशी हाय, कंट्रोलर साहेब?"

मी म्हणालो, देवाच्या कृपेने ठणठणीत.

"मंग कठीण हाय," ते म्हणाले. "नसती तर सर्टिफिकेटचं म्या पाह्यलं असतं."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की असलं माझ्याजवळ बोलायचं नाही. मी चर्चच्या मंडळीचा पंच आहे, रविवारी लहान पोरांना खरं बोलायला शिकवतो. ते चहा पिऊन गेले. तुला कळावं म्हणून लिहिलं, तुझ्या बापाला अजून मोहाला नाही म्हणता येतं.

बाकी ठीक. कालपासून छातीत जरा जड वाटतं आहे. काही विशेष नाही. आईला विचारू नकोस, तिला मी सांगितलेलं नाही.

तुझा बाबा

बुलढाणा, ३० ऑक्टोबर

प्रिय संजीवनी,

सलाम. तू आईला फोन करून माझ्या छातीबद्दल विचारलंस. ती गच्चीवरूनच ओरडली, "अहो, तुमची छाती दुखते काय?" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं. मी म्हणालो, जरा. तू विचारलंस हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे मनाला. छातीचं तसंच आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. जिना चढताना थांबावं लागतं. डावा हात कधी कधी भरून येतो. कार्डिओग्राम काढायला सांगितला आहे, सवडीने काढू. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तिथे तुझी कामं असतात, एवढ्या लांबून तू येणार तरी कशी. देऊळघाटची जागा अजून भरलेली नाही, असं शालिग्रामभाऊ काल म्हणाले. मी सुचवत नाही, माहिती देतो.

खरं सांगू, मी वैतागलो आहे. चर्चमध्ये सगळे हात वर करून गातात तेव्हा मला वाटतं, यांना काय कळतं. पाळकसाहेबांना म्हणालो, तुम्ही म्हणता तसं मी ओझं देवाजवळ ठेवतो, पण तो ते उचलतच नाही, तिथेच पडून राहतं. ते म्हणाले, "काका, तुम्ही ओझ्यावरचा हात सोडला काय?" मला राग आला. कालचा पोरगा. हल्ली प्रभूची प्रार्थना म्हणताना 'आम्हाला मोहात पडू देऊ नकोस' या ओळीपाशी मला खोकला येतो, आणि ती ओळ बाकीचेच म्हणतात.

यंदा चर्चमधल्या हंगामाच्या सणाला पाळकसाहेबांनी नवीन काढलं आहे. शेत असेल त्याने पिकातलं आणायचं, नसेल त्याने ज्या माणसाची काळजी लागली आहे त्याच्या संबंधाची एक वस्तू आणून वेदीपुढे ठेवायची. मग नेहमीसारखा लिलाव. मी तुझी सायकल देणार आहे. मागच्या पडवीत गंजत पडली आहे. घंटीचं झाकण तू पाडलं होतंस ते अजून तसंच आहे. मीही देऊ शकतो, हे पाळकसाहेबांनाही दिसेल आणि देवालाही.

तुझा बाबा

बुलढाणा, २१ नोव्हेंबर

प्रिय संजीवनी,

सलाम. काल सण झाला. आईने तुला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही, म्हणून माझी बाजू लिहितो.

सायकल मी स्वतः घासून पुसून नेली. ट्यूब बदलली, ब्रेकला तेल दिलं. वेदीपुढे कोहळे, सोयाबीनची पोती, सीताफळाच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि मध्ये तुझी सायकल. पाळकसाहेबांनी सगळ्यांवर हात पसरून प्रार्थना केली. मी डोळे मिटून म्हणालो, प्रभू, घे. मनापासून म्हणालो. त्या घटकेला मला खरंच हलकं वाटलं.

लिलाव दरवर्षी मीच पुकारतो, तुला माहीतच आहे. बसस्टँडवरचा आवाज फुकट जाऊ नये म्हणून मंडळी मलाच उभं करते. कोहळं गेलं, कोंबड्या गेल्या, एका लिंबावर लोकांनी हौसेने इतकी बोली चढवली की हसून पुरेवाट झाली. देवाच्या घरचा लिलाव, तिथे महाग घेणं हीच मजा. ज्याने वस्तू दिली त्याने तिच्यावर बोली लावायची नसते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण लहान पोरांनाही कळतं.

मग सायकल आली. देऊळघाटचा गोपाल उठला. वांगी-मिरच्या पिकवतो, मागच्या बाकावर बसतो, तोच. त्याच्या थोरलीला शाळा लांब पडते. त्याने बोली लावली, आणखी एकाने वाढवली, गोपालने पुन्हा वाढवली. मी म्हणालो, एक वार. मी म्हणालो, दोन वार. सायकलच्या बास्केटमध्ये तुझ्या नर्सिंग कॉलेजचं स्टिकर आहे. माझं तिकडे लक्ष गेलं आणि तिसऱ्या वाराच्या जागी माझ्या तोंडून वरची बोली निघाली. मोठ्याने, बसस्टँडच्या आवाजात.

सगळे हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतो आहे. गोपालनेही हसून वाढवली. मी त्याच्यावर वाढवली. मग कोणी हसलं नाही. गोपालने टोपी हातात घेतली आणि तो खाली बसला. मीच पुकारणारा, मीच घेणारा. मीच माझ्या नावावर तीन वार म्हटलं. पैसे पेटीत भरले, म्हणजे देवाचं काही बुडालं नाही. मग लोकांनी तोंडं का पाडावीत?

येताना मी सायकल हातात धरून चालत होतो, तुझी आई शेजारून. कॉलनीच्या वळणापर्यंत आलो. तिथे ती म्हणाली, "पोरगी तान्ही होती तवा वेदीपुढं उभं राहून देवाले देल्ली होती ना तुम्ही? तवापासून बोली लावूनच राह्यले."

सायकल पुन्हा पडवीत आहे. मला कालपासून घास गिळवत नाही, आणि हे छातीचं नाही.

तुझा बाबा

बुलढाणा, २४ नोव्हेंबर

संजीवनी,

आई आज गच्चीवरून खाली आली आणि माझ्यासमोर येऊन बसली. एरवी ती कामाशिवाय बसत नाही. म्हणाली, तू सोमवारी येते आहेस. बदलीचा अर्ज द्यायला. कारण म्हणून माझी तब्येत लिहिणार आहेस. फोनवर तू रडत होतीस. तिथल्या बायका आधी केंद्राच्या पायरीवरही यायच्या नाहीत, आता तुझं नाव घेऊन बाळंतपणाला येतात, आणि त्यांना सांगायचं कसं हे तुला कळत नाही, असं म्हणालीस. यातलं एक अक्षर मला ठाऊक नव्हतं. तू जेवलीस का एवढंच मी विचारत राहिलो.

मी आईला विचारलं, तू तिला काय म्हणालीस? ती म्हणाली, "म्या काहीच म्हटलं नाही. तुमची छाती दुखताना मले तर कधी दिसली नाही. पण म्या बोलणार नाही. तुमचं तुम्ही पाहा."

आता बघ, मला काहीच करायचं नाही. खोटं बोलायचं ते बोलून झालं आहे. फक्त सोमवारपर्यंत गप्प बसायचं. तू येशील, अर्ज देशील, सर्टिफिकेटचं शालिग्रामभाऊ बघतील. रोज संध्याकाळी फाटक वाजेल आणि तू आत येशील. तुझ्या हातची खिचडी. मला किती हवं आहे हे, तुला कळणार नाही. पाळकसाहेब मोहाबद्दल बोलतात तेव्हा दारू, जुगार, बाई हेच सांगतात. पोरगी संध्याकाळी घरी यावी, हाही मोह असतो, हे कोणी सांगत नाही. देवावरही माझा राग आहे. त्याला सगळं दिसतं तर त्याने मला आधीच अडवायचं होतं.

सकाळपासून प्रार्थनेला बसतो आणि उठतो. काय मागू? ती येऊ दे म्हणू, की येऊ नको देऊ म्हणू?

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तरी सोमवारच्या आत पोचणार नाही. बघ, सबबसुद्धा तयार आहे.

बुलढाणा, २८ नोव्हेंबर

प्रिय संजीवनी,

सलाम. सोबत चोवीस तारखेचं, पोस्टात न टाकलेलं एक पत्र ठेवलं आहे. तेही वाच. फोनवर मला सगळं सांगता आलं नाही, गोपालच्या फोनचा बॅलन्स आणि माझा धीर दोन्ही संपत आले होते.

शनिवारी सकाळी मी सायकल बाहेर काढली. आई म्हणाली, कुठं चालले? मी म्हणालो, देऊळघाटला. ती म्हणाली, गाडीत टाकून न्या. मी म्हणालो, नाही, चालवत नेतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली तुझ्या बास्केटमध्ये ठेवली.

लेडीज सायकलवर टोपी घातलेला म्हातारा, लोक वळून बघत होते. घंटी वाजत नाही, त्यामुळे वाटेतल्या म्हशींना तोंडाने हाकलावं लागलं. चढ आले, उतार आले. गुडघे बोलायला लागले, पाठ बोलायला लागली. छातीने हूं की चूं केलं नाही. निम्म्या वाटेत बाभळीखाली उतरलो तेव्हा मला हसूच यायला लागलं. एवढा हृदयाचा पेशंट सायकलवरून देऊळघाटला चालला आहे, हे शालिग्रामभाऊंनी पाहिलं असतं तर सर्टिफिकेट फाडून टाकलं असतं.

गोपाल वांग्यात होता. मी म्हणालो, ही घे, तुझ्या थोरलीला. तो घेईना. "काका, तुमच्या पोरीची आठवण हाय ते. म्या काऊन घेऊ?" मी म्हणालो, मी ती देवाला दिली होती आणि त्याच्या हातून ओढून घेतली, आता तू नाही घेतलीस तर मी ती परत घरी नेईन, माझा भरवसा नाही. तेव्हा त्याने हँडल धरलं. त्याची बोली तो पेटीत टाकणार म्हणाला. टाकू दे, लिलाव त्याचाच होता.

मग मी त्याचा फोन मागितला. तो नंबर तू ब्लॉक केलेला नव्हतास.

तुला वाटलं कोणा पेशंटचा फोन आहे. किती चांगलं बोलतेस तू पेशंटांशी. मला ते आधी ऐकायला मिळालं नव्हतं. मी वांग्याच्या वाफ्यात उभा होतो, गोपाल मुद्दाम लांब जाऊन उगीच तण काढत होता. तेव्हा जे बोललो ते इथे पुन्हा लिहितो, म्हणजे कागदावर राहील. मला काहीही झालेलं नाही. पहिल्या दिवशी छातीत जड वाटलं ते भरीत जास्त खाल्ल्यामुळे. जिना, डावा हात, कार्डिओग्राम, सगळं मी रचलं. तू यावीस म्हणून रचलं. अर्ज देऊ नकोस.

तू म्हणालीस, "बाबा, मी चिठ्ठी लिहून ठेवली होती सगळ्या बायांसाठी." आणि रडलीस, आणि मग चिडलीस. जे बोललीस ते मला लागलं आणि ते खरं होतं. सोमवारी येणार नाही म्हणालीस. इतक्यात येणार नाही म्हणालीस. मी हो म्हणत राहिलो.

शेवटी विचारलंस, हा नंबर कोणाचा, आणि तुम्ही कुठे आहात. मी सगळं सांगितलं, तर म्हणालीस, "सायकलनं? या वयात? आता परत कसे जाणार?" मी म्हणालो, एसटीने. तू ठेवून दिलास.

आता पुढचं ऐक, कारण याबद्दल मला तक्रार करायची आहे. देऊळघाटहून गाडीत बसलो. बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो, तर कंट्रोल केबिनमधून माझ्याच जागी बसणाऱ्या पोराचा आवाज भोंग्यावर आला, रिटायर कंट्रोलर सहदेवराव आले असतील तर केबिनमध्ये यावं, त्यांच्या मुलीचा फोन आहे. फलाटावरचे झाडून सगळे माझ्याकडे बघायला लागले. कंडक्टर, हमाल, कॉलेजची पोरं, पेरूवाली बाई. मी जाईपर्यंत फोन बंद झाला होता. त्या पोराने सांगितलं, "काका, मॅडमनं विचारलं, बाबा पोचले काय. मागच्या गाडीलेही विचारलं होतं. आन् जेवले काय म्हणे."

माणसाची अशी चारचौघांत शोभा करतात का? मी केबिनच्या दारात उभा राहिलो. कान गरम झाले होते. पेरूवालीने मागून विचारलं, "मंग, जेवले काय तुम्ही?" मी घरी पायी आलो आणि वाटेत मला तुझा तो कंडक्टर आठवला, केंद्राच्या दारातून ओरडणारा. तेव्हा तुझे कान किती गरम झाले असतील, हे मला परवा कळलं. मला माफ कर.

काल रविवारी मोहाची ओळ मी बाकीच्यांसोबत म्हटली. खोकला आला नाही. पण मी सुधारलो असं समजू नकोस. दुपारी अकोट-धारणी गाडी कितीला सुटते ते माझ्या डोक्यात आलंच, आणि त्या कंडक्टरला फोन लावायला हातही गेला. लावला नाही. त्याचा नंबर काढून टाकला. तुमच्या डॉक्टरांचा, मैत्रिणीचा, तोही काढला. आईला म्हणालो, संजूने काही सांगितलं तर तुला वाटेल तेवढंच मला सांग. ती म्हणाली, "बरी हाय." मी पुढे विचारलं नाही, आणि ही गोष्ट सायकल चालवण्याहून अवघड गेली.

तू ब्लॉक काढ, असं मी म्हणणार नाही. तुला वाटेल तेव्हा काढ. मीही माझ्या फोनमधून तुझा नंबर काढून टाकला आहे, म्हणजे नको त्या वेळी हात जायला नको. पण तो मला पाठ आहे. तेवढं मला जमत नाही, ते देवाने बघावं.

जेवलो आहे.

तुझा बाबा